मुक्काम कोणाचा? ग्रँड कॅन्यनमधील एका तळाचा इतिहास

१/
ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून 'ब्राइट एंजल' नावाची पायवाट दरीत उतरते. साडेचार मैल चालल्यावर, उघड्या तांबड्या खडकांच्या मधोमध अचानक हिरवी झाडी दिसते. तिथे वाहता ओढा आहे, सावली आहे आणि तंबू ठोकायला राखलेली जागा आहे. कित्येक दशके नकाशांवर या तळाचे नाव 'इंडियन गार्डन' असे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते अधिकृतपणे बदलून 'हवासुपाई गार्डन्स' करण्यात आले.
एका मुक्कामाच्या जागेचे नाव बदलण्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. धागा मोठा आहे, सवडीने वाचा. 🧵

२/
आधी भूगोल, कारण पुढची सारी गोष्ट पाण्याभोवती फिरते.
कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७ हजार फूट उंचावर. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. तळाशी उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. कड्यावर झरे जवळजवळ नाहीत. पाणी आहे ते खाली, ठरावीक जागी. अशा मुलखात ज्याच्या हाती झरा, त्याच्या हाती वाट. म्हणूनच तो हिरवा तळ मोलाचा.

३/
हे मोल सर्वांत आधी ओळखले ते हवासुपाई लोकांनी. त्यांच्या नावाचाच अर्थ 'निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक'. हे पाणी म्हणजे पश्चिमेकडील हवासू खाडीतला, चुन्याच्या क्षारांमुळे निळसर दिसणारा प्रवाह.
त्यांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. उन्हाळ्यात दरीतल्या ओढ्यांकाठी मका, घेवडा, भोपळा यांची शेती. पीक हाती आले की वर पठारावर जाऊन हिवाळाभर शिकार आणि पिन्यॉन पाइनच्या बिया, रानफळे यांवर गुजराण. दरी आणि पठार ही एकाच संसाराची दोन दालने होती. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे सरकारी कागदावर यांतले एकच दालन त्यांच्या नावे उरणार आहे.

४/
हवासुपाई एकटे नव्हते. हुआलापाई, होपी, पायूट, नाव्हाहो, झुनी अशा अनेक जमातींचे या दरीशी नाते आहे. होपींच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज या दरीतूनच आजच्या जगात वर आले.
युरोपीय माणसाची नजर दरीवर प्रथम पडली ती १५४० मध्ये. सोन्याच्या शहरांच्या शोधात निघालेल्या कोरोनादो या स्पॅनिश सेनानीने कार्देनास नावाच्या सरदाराला तुकडी देऊन पुढे पाठवले. त्याला कड्यापर्यंत आणणारे वाटाडे होपी होते.

५/
कार्देनासच्या तिघा माणसांनी खाली उतरण्याचा प्रयत्न केला. एक तृतीयांश वाट उतरून ते परतले. वरून माणसाच्या उंचीचे वाटणारे खडक प्रत्यक्षात सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच निघाले, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. नदीपर्यंत पोहोचता आले नाही, पाणी मिळाले नाही; तुकडी मागे फिरली.
येथे इतिहासकाराला एक प्रश्न पडतो. होपी लोक या दरीत पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते. मग वाटाड्यांनी खाली जाण्याची वाट का दाखवली नाही? ती त्यांनी जाणूनबुजून दाखवली नसावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

६/
१८४८ च्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. १८५७-५८ मध्ये लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज कोलोरॅडो नदीच्या पाहणीसाठी आला. त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, हा मुलूख पूर्णतः निरुपयोगी आहे आणि या निरर्थक जागी येणारी गोऱ्यांची ही पहिली व बहुधा शेवटचीच तुकडी ठरेल.
हे भाकीत किती फसले ते आपण जाणतोच. परंतु त्याच मोहिमेतला चित्रकार-नकाशाकार एग्लॉफस्टाइन हवासुपाईंच्या दरीत उतरून आला होता. म्हणजे जिथे शेते होती, माणसे होती, त्या मुलखाला 'निरुपयोगी' हा शिक्का मिळाला.

७/
१८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल याने इतिहास घडवला. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत उजवा हात गमावलेला हा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक दहा जणांची तुकडी आणि चार होड्या घेऊन २४ मे रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथून निघाला. ३० ऑगस्टला दरीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले ते सहा जण. एकाने आरंभीच साथ सोडली होती. तिघे शेवटच्या खळाळाला भिऊन दोनच दिवस आधी कडा चढून गेले आणि मारले गेले.
पॉवेलच्या वृत्तान्तामुळे ग्रँड कॅन्यन हे नाव घराघरांत पोहोचले. निरुपयोगी ठरवलेला मुलूख आता 'अद्भुत' ठरला.

८/
आता मराठी वाचकाला चकित करणारा भाग.
ग्रँड कॅन्यनच्या नकाशावर विष्णू टेम्पल आहे, शिव टेम्पल आहे, ब्रह्मा टेम्पल आहे. राम आणि कृष्ण यांची 'श्राइन्स' आहेत, मनूचे 'टेम्पल'ही आहे. यांतले एकही मंदिर नाही. ही सारी दरीतून वर उठलेली खडकांची शिखरे आहेत. दरीच्या तळाशी असलेल्या सुमारे पावणेदोन अब्ज वर्षे वयाच्या खडकालासुद्धा भूगर्भशास्त्रात 'विष्णू शिस्ट' म्हणतात.
हे काही प्राचीन भारतीय प्रवाशांचे काम नव्हे. समाजमाध्यमांवर तसे दावे फिरतात. त्यांना कोणताही आधार नाही.

९/
खरी हकीकत अशी. सैन्यात कॅप्टन असलेला भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन याने १८८२ मध्ये या प्रदेशावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही शिखरे पाहून त्याला पौर्वात्य देवालयांच्या शिखरांची आठवण झाली. त्या काळी पश्चिमेत पूर्वेकडील धर्म आणि वास्तुकला यांविषयी मोठे कुतूहल होते. डटनने देवांची नावे दिली आणि पुढच्या नकाशाकारांनी तोच प्रघात चालवला. त्यामुळे झोरोआस्टर आला, बुद्धही आला.
आपल्या देवांची नावे तिथे पाहून आनंद होणे स्वाभाविक आहे. पण नाव देणाऱ्याच्या मनात गृहीत काय होते? हेच की, ही शिखरे बिननावाची आहेत.

१०/
ते गृहीतक किती पोकळ होते, याचा एक गमतीदार पुरावा.
१९३७ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम शिव टेम्पलवर चढली. आसपासच्या कड्यांपासून तुटलेल्या त्या माथ्यावर हजारो वर्षे अलग राहिलेले प्राणी वेगळे उत्क्रांत झाले असतील, अशी अपेक्षा होती. वृत्तपत्रांनी तर 'हरवलेले जग' सापडणार म्हणून गहजब केला. वर सापडले काय? नेहमीचेच प्राणी, दगडी हत्यारे आणि अगेव्ह भाजण्याचे जुने खड्डे. शिवाय कोडॅक फिल्मचा एक रिकामा खोका! स्थानिक छायाचित्रकार एमरी कोल्ब आधीच वर जाऊन आला होता.
अस्पर्श म्हणवलेल्या माथ्यावर माणसाची चूल केव्हाच पेटून गेली होती.

११/
नावे दिली जात होती त्याच वर्षांत जमिनीही मोजल्या जात होत्या.
१८८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने हवासुपाईंसाठी राखीव क्षेत्र आखले गेले. १८८२ मध्ये, म्हणजे डटनचा ग्रंथ आला त्याच वर्षी, ते आक्रसून अवघे ५१८ एकर करण्यात आले. हवासू खाडीच्या तळाशी असलेली एक चिंचोळी पट्टी, एवढेच.
हिवाळ्याचे पठार गेले. शिकारीचे रान गेले. दरीतली इतर ओढेकाठची शेते, त्यांत आपला तो हिरवा तळही आला, कागदोपत्री सरकारची झाली. कागदोपत्री म्हणतो, कारण काही कुटुंबे तिथे पेरणी करतच राहिली.

१२/
यानंतर आले खाणवाले. तांबे आणि ॲस्बेस्टॉस मिळाले, पण माल खेचरांवर लादून वर आणण्याचा खर्च परवडेना. यांतल्या चाणाक्ष लोकांच्या लक्षात आले की दगड वर नेण्यापेक्षा माणसे खाली नेणे किफायतशीर आहे.
राल्फ कॅमेरॉन हा त्यांपैकी सर्वांत धूर्त. त्याने व त्याच्या साथीदारांनी १८९०-९१ च्या सुमारास हवासुपाईंची जुनी पायवाट रुंद केली. हीच आजची ब्राइट एंजल ट्रेल. वाटेतल्या मोक्याच्या जागांवर, हिरव्या तळावरही, त्याने खाणींचे दावे नोंदवले आणि वाटेने जाणाऱ्यांकडून एक डॉलर टोल सुरू केला.
ज्यांच्या पावलांनी वाट पडली, त्यांचे नाव पावतीवर नव्हते.

१३/
१७ सप्टेंबर १९०१. विल्यम्स गावाहून निघालेली सांता फे रेल्वेची पहिली प्रवासी गाडी ६४ मैलांचा टप्पा पार करून दक्षिण कड्यावर पोहोचली.
त्याआधी फ्लॅगस्टाफहून घोडागाडीने यावे लागे. अख्खा दिवस हाडे खिळखिळी करणारा प्रवास, भाडे १५ डॉलर. रेल्वेचे तिकीट ३ डॉलर ९५ सेंट. एका फटक्यात दरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. वाळवंट ही ओलांडून जायची अडचण होती. आता ते मुद्दाम जाऊन पाहायचे दृश्य झाले.

१४/
रेल्वेने दृश्यासोबत त्याची चौकटही विकली. १९०५ मध्ये कड्यापासून काही पावलांवर एल टोव्हर हे आलिशान हॉटेल उघडले. व्यवस्थापन फ्रेड हार्वी कंपनीचे. त्याच वर्षी समोर 'होपी हाउस' उभे राहिले. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर हिने ते होपी गावांतल्या दगडी घरांच्या धर्तीवर बांधले.
त्यात होपी कारागीर राहत, पर्यटकांसमोर वस्तू घडवत आणि विकत. विख्यात कुंभारकर्ती नाम्पेयो हिनेही तिथे काम केले. तिच्या कलेला यातून देशभर कीर्ती मिळाली, हे खरे. कलावंताचे घर प्रेक्षणीय स्थळ झाले, हेही खरे. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत नांदताना दिसतात.

१५/
पर्यटन म्हणजे फोटो, हे समीकरण तेव्हापासूनचे!
एल्सवर्थ आणि एमरी हे कोल्ब बंधू ब्राइट एंजलच्या तोंडाशी स्टुडिओ थाटून बसले. खेचरांवर स्वार होऊन दरीत निघालेल्या पर्यटकांचा फोटो घ्यायचा आणि ते परत येईपर्यंत प्रती तयार ठेवायच्या, हा धंदा. अडचण एकच: फोटो धुवायला कड्यावर पाणी नव्हते. म्हणून एमरी काचा घेऊन साडेचार मैल खाली हिरव्या तळापर्यंत धावत जाई, तिथल्या ओढ्याच्या पाण्यावर फोटो धुई आणि खेचरांच्या आधी पुन्हा वर पोहोचे. तीन हजार फुटांहून अधिक चढ, तोही धावत.
सह्याद्रीत गड चढताना दम लागला की एमरी आठवावा.

१६/
कॅमेरॉनचा टोल रेल्वेला सलत होता. तेव्हा सांता फेने सरळ स्वतःची वाट बांधली, हर्मिट ट्रेल, आणि १९१२ च्या सुमारास तिच्या खालच्या टप्प्यावर 'हर्मिट कॅम्प' उभारला. लाकडी तळाच्या राहुट्या, गाद्या, स्वयंपाकी, दूरध्वनी. पुढे कड्यावरून सामान उतरवणारा तारेवरचा पाळणासुद्धा!
आज ज्याला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वी या वाळवंटात सुरू होते. १९३० मध्ये हा तळ बंद पडला. आज तिथे पाठपिशवी घेऊन जाणारे लोक त्याच्या जोत्यांशेजारी साधा तंबू लावतात.

१७/
दुसरीकडे संरक्षणाची चळवळ आकार घेत होती. ६ मे १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कड्यावर आले. दरी आहे तशीच राहू द्या, माणूस तिच्यात भर घालू शकत नाही, फक्त बिघाड करू शकतो, अशा आशयाचे त्यांचे भाषण आजही जागोजागी सांगितले जाते.
जानेवारी १९०८ मध्ये त्यांनी ८ लाखांहून अधिक एकरांचे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. कॅमेरॉन न्यायालयात गेला. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: स्मारक वैध, कॅमेरॉनचे दावे अवैध. गडी तरी नमला नाही. पुढच्याच वर्षी तो ॲरिझोनाचा सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेला.

१८/
२६ फेब्रुवारी १९१९ रोजी वुड्रो विल्सन यांच्या सहीने ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले. त्या वर्षी सुमारे ४४ हजार लोक आले.
उद्यानाच्या कायद्यात हवासुपाईंचा उल्लेख आहे. हवासू खाडीतील त्यांच्या जमिनीवरील हक्कांना बाधा येणार नाही. आणि उद्यानातील इतर जागा जमातीच्या व्यक्तींना शेतीसाठी वापरू देण्याचा अधिकार गृहमंत्र्याला राहील. नीट वाचा. 'अधिकार' मंत्र्याला आहे. हवासुपाईंच्या वाट्याला आली ती परवानगीची शक्यता. कायद्याच्या भाषेत एवढा फरक पुरेसा असतो.

१९/
आता या धाग्याचे मध्यवर्ती वर्ष: १९२८.
दरीच्या तळाशी कोलोरॅडोवर नवा झुलता पूल बांधायचे ठरले. त्याचे मुख्य पोलादी दोर प्रत्येकी सुमारे ५५० फूट लांब, वजन जवळजवळ एक टन. खेचरावर लादता येणार नाहीत, तोडता येणार नाहीत. मग ते सोडवून लांब पसरले, ४२ माणसे एकामागे एक उभी राहिली, दोर खांद्यावर घेतला आणि साउथ कैबाब ट्रेलच्या नागमोडी वळणांवरून नदीपर्यंत चालत उतरली. असे एकेक करून सारे मुख्य दोर खाली गेले.
या वाहकांमध्ये बहुसंख्य हवासुपाई होते. तो पूल आजही वापरात आहे.

२०/
त्याच १९२८ मध्ये ब्राइट एंजल ट्रेल अखेर काउंटीकडून उद्यानाच्या ताब्यात आली.
आणि त्याच १९२८ मध्ये हिरव्या तळावर उरलेला शेवटचा हवासुपाई रहिवासी, कॅप्टन बरो, याला उद्यान प्रशासनाने तिथून निघायला लावले.
एकाच वर्षी, एकाच दरीत: पूल उभारायला त्या जमातीचे खांदे हवे होते, पण तळावर तिचे घर नको होते. ज्या ओढ्याकाठी मका पिकत होता, त्या ओढ्याकाठी यापुढे फक्त मुक्कामाला येणारे पाहुणे राहणार होते. आणि नाव मात्र उरले: 'इंडियन गार्डन'. माळी नसलेली बाग.

२१/
हे का घडले? उद्यानातले अधिकारी विशेष दुष्ट होते म्हणून? असे समजणे सोपे आहे, पण त्यातून फारसे काही उलगडत नाही.
त्या पिढीची निसर्गाविषयीची कल्पनाच अशी होती की खरा निसर्ग म्हणजे माणूस नसलेला निसर्ग. त्यात माणसाने यावे, भारावून जावे, रात्र काढावी आणि परत जावे. या कल्पनेत पाहुण्याला जागा होती. वस्ती करणारा मात्र त्या चित्रातला डाग ठरत होता. खाणवाल्यापासून दरी वाचवणाऱ्या याच कल्पनेने शेतकऱ्याला दरीबाहेर काढले. संरक्षणाच्या इतिहासाचा हा दुहेरी वारसा अमेरिकेतील अनेक उद्यानांत आढळतो.

२२/
पाहुणे तर वाढतच गेले. १९२६ पर्यंत रेल्वेपेक्षा मोटारीने येणारे अधिक झाले. मोटारीबरोबर आला कुटुंबाचा तंबू, घडीची खाट, गाडीच्या टपावरची भांडीकुंडी. मुक्कामासाठी ना हॉटेल लागे, ना वाटाड्या.
महामंदीच्या काळात, १९३३ पासून, रूझवेल्ट (दुसरे, फ्रँकलिन) यांच्या सरकारने बेरोजगार तरुणांचे 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' उभे केले. या पोरांनी दरीत राहून नदीकाठचा मार्ग खडकात कोरला, दूरध्वनीची तार टाकली, पायवाटा व तळ बांधले. आजचा ट्रेकर ज्या वाटांवर निर्धास्त चालतो, त्यांतल्या कित्येक त्यांच्या घामाच्या आहेत.

२३/
१९५६ मध्ये वर्षभरातील पर्यटकांचा आकडा प्रथमच १० लाखांपलीकडे गेला. महायुद्धानंतर सैन्याचे रबरी तराफे स्वस्तात मिळू लागले आणि नदीतून जाणे हा धाडसी शास्त्रज्ञांचा विषय न राहता सुट्टीचा बेत झाला. १९७२ मध्ये १६ हजारांहून अधिक लोक नदीमार्गे गेले. वाळूचे किनारे चुलींच्या राखेने आणि कचऱ्याने भरले, तेव्हा प्रशासनाने संख्येवर मर्यादा आणि परवाने आणले.
१९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले होते. गाळ धरणात अडकू लागला आणि ज्या वाळूवर तंबू लागत ती वाळूच कमी होत गेली. १९९६ पासून किनारे सावरण्यासाठी अधूनमधून मुद्दाम पूर सोडला जातो.

२४/
या साऱ्या गर्दीत ५१८ एकरांवरचे हवासुपाई कुठे होते? दशकानुदशके अर्ज करत होते.
१९७० च्या दशकात उद्यानाचा विस्तार करणारे विधेयक आले आणि जमातीने संधी साधली. विरोधात कोण उभे राहिले? सिएरा क्लबसारख्या नामांकित निसर्गसंरक्षक संस्था. जमीन जमातीच्या हाती गेली तर तिथे धरणे, हॉटेले, व्यापारी प्रकल्प येतील आणि इतर उद्यानांतही असा पायंडा पडेल, अशी त्यांची भीती. हवासुपाईंचे म्हणणे साधे होते: शेकडो वर्षे आम्ही तिथे राहिलो, जे तुम्ही आज वाचवू पाहता ते आमच्याच हातून तुमच्यापर्यंत शाबूत आले.

२५/
३ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी विधेयकावर सही केली. १ लाख ८५ हजार एकर जमीन जमातीला परत मिळाली. शिवाय उद्यानातील ९५ हजारांहून अधिक एकरांवर पारंपरिक वापराचा हक्क मान्य झाला. ५१८ वरून १ लाख ८५ हजार!
ज्या हवासू धबधब्याजवळच्या तळावर तोवर उद्यान खात्याचा ताबा होता, तोही जमातीकडे आला. परंतु ब्राइट एंजल वाटेवरचा आपला हिरवा तळ उद्यानातच राहिला, त्याच जुन्या नावानिशी.

२६/
म्हणून गोष्ट 'आणि ते सुखाने नांदू लागले' अशी संपत नाही.
सुपाई गाव आजही मोटाररस्त्याविना आहे. पठारावरून आठ मैल चालून किंवा घोड्याखेचरावरून उतरता येते. टपालही खेचरांवरून येते. जमातीच्या उत्पन्नाचा मोठा आधार पर्यटन आहे. निळ्या धबधब्यांखाली तंबू लावण्यासाठी जगभरातून लोक परवान्याच्या रांगेत उभे असतात, आणि तो परवाना देते जमात. यजमानपण परत मिळाले. पण यजमानपणाचे ओझे, म्हणजे कचरा, गर्दी आणि पावसाळी पुरात अडकलेले पाहुणे, हेही तिच्याच शिरी आले.

२७/
पठारावर आणखी एक प्रश्न आहे: युरेनियम. भूजल दूषित झाले तर निळे-हिरवे पाणी राहील का, ही जमातीची चिंता. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी उद्यानालगतचे सुमारे ९ लाख १७ हजार एकर क्षेत्र राष्ट्रीय स्मारक घोषित केले. त्याच्या नावात हवासुपाई आणि होपी, दोन्ही भाषांतले शब्द आहेत: 'बाज नुवाव्जो ईता कुकवेनी'. अर्थ साधारण असा: मूलनिवासी जिथे वावरतात ती भूमी, आमच्या पूर्वजांच्या पाऊलखुणा. आधीच वैध हक्क असलेल्या खाणींना मात्र ही घोषणा रोखत नाही.
१८८२ मध्ये नकाशावर नावे देताना ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांची भाषा २०२३ मध्ये नकाशावर आली.

२८/
आणि तो तळ? जमातीच्या मागणीवरून नामांतराचा प्रस्ताव गेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये भौगोलिक नावांच्या संघीय मंडळाने तो एकमताने मान्य केला. मे २०२३ मध्ये नामांतराचा समारंभ झाला.
यावर एक आक्षेप घेतला जातो: पाटी बदलून काय होते? जमीन तर परत मिळाली नाही. आक्षेप खरा आहे. नाव म्हणजे न्याय नव्हे. पण 'इंडियन' हा शब्द कोणाचेच नाव घेत नव्हता. 'हवासुपाई' हा शब्द घेतो. तळावर पोहोचलेला थकलेला प्रवासी आता निदान विचारील: हे कोण? कुठे गेले?
इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रश्न योग्य ठिकाणी उभा राहिला तरी पुष्कळ असते.

२९/
वर्षाला लाखो माणसे ही दरी पाहायला येतात. त्यांत अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबेही असतात. तुमच्यापैकी कोणी गेलात, तर विष्णू टेम्पलचा फोटो जरूर काढा; नावामागचा डटनही सोबतच्यांना सांगा. शक्य असेल तर, उन्हाळा टाळून, ब्राइट एंजलने हिरव्या तळापर्यंत उतरा. बाटली भरताना लक्षात असू द्या की इथे कधीकाळी मक्याचे शेत होते आणि ते करणाऱ्या शेवटच्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे: कॅप्टन बरो.

३०/
धागा इथे संपवतो. शंका, पुरवण्या, मतभेद खाली अवश्य लिहा. वाचून उत्तर देईन. धागा आवडला तर पहिली पोस्ट पुढे पाठवा, म्हणजे तो क्रमाने वाचला जाईल.
पुढच्या धाग्यात १८६९ ची पॉवेल मोहीम सविस्तर घेऊ: एका हाताचा माणूस, चार होड्या आणि कड्यावर चढून गेलेले ते तिघे. 🙏